गेममधलं ऊन कोण पाडतं? आरोंद्याच्या खाडीपासून पुण्याच्या ‘राजी’पर्यंत

आरोंदा हे सावंतवाडी तालुक्यातलं गाव. महाराष्ट्राच्या नकाशात अगदी खाली, कोपऱ्यात. गावाला लागून तेरेखोलची खाडी आणि खाडीपलीकडे गोवा.

संध्याकाळी साडेपाच-सहाला या खाडीतून होडीने जाताना काठावरच्या माडांकडे नीट बघा. सूर्य पश्चिमेला कललेला असतो. तरी झावळ्यांची खालची बाजू चमकत असते. तिथे ऊन थेट पोचत नाही. मग ती चमक येते कुठून? तर पाण्यावरून. ऊन पाण्यावर पडतं, तिथून उसळतं आणि झावळ्यांच्या पोटाला लागतं. पाणी हलतं म्हणून चमकही हलते. होडीची सावलीतली बाजूसुद्धा काळीकुट्ट दिसत नाही, तिच्यावर आभाळाची निळसर झाक असते.

म्हणजे सूर्य एकच, पण उजेड देणाऱ्या गोष्टी पन्नास.

आता हीच खाडी एखाद्या गेममध्ये आणायची म्हटलं तर काय होईल? माड बनवता येतील, होडी बनवता येईल, पाणीही बनवता येईल. पण गेमच्या जगात सूर्य नसतो. तिथे आपोआप उजाडत नाही. कोणीतरी उजेड मुद्दाम आणून ठेवल्याशिवाय सगळं बनवलेलं काम काळोखात पडून राहतं. हा उजेड आणून ठेवणाऱ्या माणसाला गेमच्या धंद्यात ‘लायटिंग आर्टिस्ट’ म्हणतात. नाटकवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर प्रकाशयोजनाकार.

गेम कसा दिसतो यावर सोशल मीडियावर भांडणं होतात ती बहुतेक ‘ग्राफिक्स’ या एका शब्दावर. पण त्या भांडणातला निम्मा विषय खरं तर प्रकाशाचा असतो.

१६ मिलिसेकंदांचं बजेट

सिनेमातही प्रकाशयोजना असते. मग गेममध्ये वेगळं काय?

सिनेमाचा कॅमेरा कुठे असणार हे आधी ठरलेलं असतं. ॲनिमेशनपट असेल तर एकेक चित्र तयार करायला कॉम्प्युटरला काही तास लागले तरी चालतात, कारण प्रेक्षक ते नंतर बघणार असतो. गेममध्ये हे चालत नाही. खेळणाऱ्याने अंगठा सरकवला की चित्र तिथल्या तिथे बदलायला हवं. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर एका चित्रासाठी हातात येतात साधारण १६ मिलिसेकंद. फुल एचडी पडद्यावर २० लाखांहून जास्त ठिपके असतात. त्या प्रत्येक ठिपक्याचा रंग तेवढ्या वेळात ठरवायचा. त्यातच शत्रूच्या हालचाली, आवाज, पडणं-आपटणं हेही सांभाळायचं.

आणि प्रकाशाचा हिशोब तर न संपणारा. १९८६ साली जेम्स काजिया या अमेरिकन संशोधकाने ‘रेंडरिंग इक्वेशन’ मांडलं. आजही सगळी कॉम्प्युटर ग्राफिक्स त्याच समीकरणाच्या आधाराने चालतात. त्याचा अर्थ गणिताशिवाय सांगता येतो: कुठल्याही बिंदूवरून डोळ्याकडे येणारा प्रकाश म्हणजे त्या बिंदूचा स्वतःचा प्रकाश, अधिक सगळ्या दिशांनी त्याच्यावर पडून परत उसळलेला प्रकाश. ऐकायला सोपं आहे. पण झावळीवर पडणारा प्रकाश काढायचा तर पाण्यावरचा प्रकाश माहीत हवा, पाण्यावरचा काढायचा तर आभाळाचा, होडीचा आणि पुन्हा झावळीचाही माहीत हवा. निसर्ग हे फुकटात करतो. प्रोसेसरला ते महागात पडतं.

म्हणून गेमवाल्यांनी पहिल्यापासून जुगाड केले.

त्यातला सगळ्यात जुना आणि टिकाऊ जुगाड म्हणजे ‘बेकिंग’. भिंत हलणार नाही, खिडकी हलणार नाही, सूर्यही जागचा हलणार नाही, असं ठरवून टाकायचं. मग कुठे ऊन पडेल, कुठे सावली येईल, याचा हिशोब गेम बनवतानाच आपल्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर करून घ्यायचा. तास लागोत की रात्र जावो. निघालेलं उत्तर भिंतीवर पोस्टर डकवल्यासारखं डकवून द्यायचं. खेळणाऱ्याच्या मशिनला मग फक्त पोस्टर दाखवायचं काम उरतं. १९९६ च्या ‘क्वेक’ने हे तंत्र गाजवलं आणि आजही मोबाईलवरच्या कितीतरी गेममध्ये तेच वापरतात.

यात तोटा असा की डकवलेलं ऊन हलत नाही. बेक केलेल्या खाडीत होडी पुढे गेली तरी तिची सावली जुन्या जागीच राहील. मग हलणाऱ्या वस्तूंसाठी वेगळा हिशोब, न हलणाऱ्यांसाठी वेगळा, आणि दोन्ही एकमेकांत बेमालूम मिसळायचे. लायटिंग आर्टिस्टचा बराचसा दिवस हा सांधा लपवण्यात जातो.

२०१८ पासून ‘रे ट्रेसिंग’ हा शब्द सगळीकडे ऐकू यायला लागला. त्या वर्षी एनव्हिडियाने प्रकाशकिरणांचा माग काढणारे खास भाग असलेली आरटीएक्स ग्राफिक्स कार्डं बाजारात आणली. किरण कुठे आपटला, तिथून कुठे गेला, हे खेळता खेळता मोजायची सोय झाली. २०२२ मध्ये आलेल्या अनरिअल इंजिन ५ मधल्या ‘ल्युमेन’ने उसळणारा प्रकाश चालू गेममध्ये मोजणं आणखी सोपं केलं. आरोंद्याच्या झावळ्यांवरची ती हलती चमक आता खरोखर मोजून काढण्याच्या जवळ आपण आलो आहोत. मशीन तेवढं महाग हवं, एवढंच.

खरा उजेड आणि कामाचा उजेड

पण खरा उजेड मोजता आला म्हणजे गेम चांगला दिसतो का? नाही. आणि खरी गंमत इथून पुढे आहे.

गेममधला प्रकाश खेळणाऱ्याशी बोलतो. अंधाऱ्या गल्लीच्या टोकाला एक दिवा लावला की माणूस तिकडे जातो. ‘इकडे जा’ असा बाण दाखवावा लागत नाही. व्हॉल्व्ह कंपनीच्या २००८ च्या ‘लेफ्ट फोर डेड’मध्ये हे पद्धतशीर केलेलं आहे. झोम्बींच्या गर्दीत नकाशा बघायला सवड नसते, म्हणून पुढची वाट कुठे आहे ते उजेडानेच सांगितलंय. खेळणाऱ्याला वाटतं, रस्ता आपणच शोधला.

काही गेममध्ये तर प्रकाश हाच नियम झालाय. १९९८ च्या ‘थीफ’मध्ये तुम्ही चोर असता. पडद्यावर एक खडा असतो, तुम्ही जेवढ्या उजेडात उभे तेवढा तो उजळतो. पाण्याचा बाण मारून मशाल विझवायची आणि पुढे सरकायचं. २०१० च्या ‘ॲलन वेक’मध्ये शत्रूभोवती अंधाराचं कवच असतं. ते आधी बॅटरीच्या झोताने जाळायचं, मगच गोळी लागते. २००४ च्या ‘डूम ३’ने तर खेळणाऱ्यांना रडवलं होतं. एका वेळी हातात एकतर बॅटरी, नाहीतर बंदूक. समोर काय आहे ते बघायचं की मारायचं? लोकांनी भरपूर शिव्या घातल्या. २०१२ च्या नव्या आवृत्तीत बॅटरी अंगावरच लावून दिली. तक्रार मिटली, पण भीतीही बरीचशी गेली असं जुने खेळाडू अजून म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

अंधाराबद्दलही एक गैरसमज आहे. गेममधली रात्र खरोखर काळी ठेवली तर खेळताच येणार नाही. म्हणून ती निळी असते. खेळणारा मान्य करतो की निळं म्हणजे रात्र. कोणी तक्रार करत नाही. उलट खऱ्या रात्रीसारखी रात्र दाखवली तर पहिली तक्रार ‘काही दिसत नाही’ अशीच येते.

हे कोकणाला नवीन नाही

आरोंदा ज्या भागात आहे तिथे ही सगळी अक्कल गेमच्या कितीतरी आधीपासून आहे. दशावतार आठवा. जत्रेच्या रात्री देवळाच्या आवारात सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. नेपथ्य म्हणून एक बाकडं. तेच सिंहासन, तोच रथ. पूर्वी उजेड गॅसबत्तीचा, आता एलईडीचा. बत्तीच्या मंद पिवळ्या उजेडात मागे बसलेल्या माणसालाही राजा कोण आणि राक्षस कोण हे कळायला हवं. तिथे गडद रंगवलेला चेहरा आणि चमकता मुकुट कामी येतो. गेममध्ये पात्राची बाह्यरेषा लांबूनही ओळखू यावी म्हणून मागून एक दिवा टाकतात, त्यामागची अडचण हीच.

त्याहून नेमकं उदाहरण कुडाळजवळच्या पिंगुळीत आहे. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांबरोबर चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ सांभाळून ठेवलाय. याच परंपरेतले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. चामडं घासून पातळ करायचं, त्यातून राम, रावण, हनुमान कापायचे, दागिन्यांच्या जागी बारीक भोकं पाडायची, रंग भरायचे. पुढे पांढरा पडदा, मागे दिवा. बाहुली मधे धरली की कथा सुरू.

हा खेळ बघताना तीन गोष्टी दिसतात आणि तिन्ही गेमच्या लायटिंगमध्ये जशाच्या तशा आहेत.

बाहुली पडद्याला टेकवली की कड रेखीव येते. ती दिव्याकडे नेली की सावली मोठी होते आणि तिची कड विरघळते. गेममध्ये ‘सॉफ्ट शॅडो’ नावाची जी सेटिंग असते ती याच नियमाची नक्कल. वस्तू आणि सावली पडते ती जागा यांत अंतर किती, आणि दिवा केवढा, यावर कड किती मऊ ते ठरतं. मोबाईलवर खेळताना सेटिंगमध्ये जाऊन शॅडो ‘लो’ केली की सावल्यांच्या कडा करवतीसारख्या का दिसतात, त्याचं एक कारण हेही असतं की हा हिशोब प्रोसेसरला झेपत नाही म्हणून गाळलेला असतो.

दुसरी गोष्ट चामड्याची. ते पातळ असल्यामुळे प्रकाश त्यातून झिरपतो, म्हणून पिंगुळीची सावली काळी नसते, रंगीत असते. उन्हासमोर धरलेलं केळीचं पान आतून पेटल्यासारखं दिसतं, किंवा मागून ऊन आलं की माणसाचे कान लाल दिसतात, तो हाच प्रकार. गेममध्ये बरीच वर्षं माणसं प्लास्टिकची वाटायची. कारण त्यांच्या कातडीत प्रकाश शिरतच नव्हता, नुसता वरून घसरत होता.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: पडद्यावर जे दाखवायचं नाही ते दाखवायचंच नाही. रावणाच्या लंकेचा एकही खांब नसतो, तरी लंका दिसते. डेन्मार्कच्या प्लेडेड कंपनीचा २०१० चा ‘लिम्बो’ याच तत्त्वावर उभा आहे. अख्खा गेम काळा-पांढरा, मुलगा म्हणजे नुसती काळी आकृती, मागे धुकट उजेड. चेहऱ्यावरचे भाव बनवायची गरज नाही, कपड्यांचं कापड बनवायची गरज नाही. पैसे वाचले ते वेगळेच आणि गेम जगभर नावाजला गेला.

पुणे, २०२०

महाराष्ट्रात या सगळ्याची परीक्षा बघायची तर पुण्यात जावं लागतं.

नॉडिंग हेड्स गेम्स हा पुण्यातला छोटा स्टुडिओ. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयान मॉड हे त्याचे संस्थापक. दुर्गेने निवडलेली राजी नावाची मुलगी राक्षसांनी पळवलेल्या आपल्या लहान भावाला, गोलूला, शोधायला निघते, अशी त्यांच्या ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ची गोष्ट. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला. ठरवलेली रक्कम जमली नाही. पुढे अनरिअल इंजिन बनवणाऱ्या एपिक गेम्सचं अनुदान मिळालं, सुपर डॉट कॉम हा प्रकाशक मिळाला आणि १८ ऑगस्ट २०२० ला गेम निन्टेंडो स्विचवर आला. ऑक्टोबरमध्ये तो पीसी, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवरही आला.

स्विच हे हातात धरायचं मशीन, ताकदीने बेताचं. १६ मिलिसेकंदांचं बजेट सोडाच, ३३ मध्येही ओढाताण. मग या टीमने काय केलं? पहाडी लघुचित्रं आणि राजस्थानी वास्तुकला समोर ठेवून हाताने रंगवलेली शैली घेतली. हाताने रंगवण्याचा फायदा असा की थोडी उजेड-सावली चित्रकार रंगातच भरून ठेवू शकतो, मशिनवरचं ओझं कमी होतं. पण यात एक पेच आहे. आपल्या लघुचित्रांत सावली नसते. राजा, झाड, हरण, सगळ्यांवर सारखाच उजेड. सावंतवाडीच्या गंजिफ्यावरही तसाच. त्रिमितीतल्या गेममध्ये मात्र सावली नसेल तर उडी मारलेली राजी हवेत कुठे आहे हेच कळत नाही, आणि खांबांवरून उड्या मारणं हा या गेमचा अर्धा भाग आहे. त्यामुळे रंग लघुचित्रांचे आणि प्रकाश रंगमंचाचा, असा मेळ घालावा लागतो.

कॅमेरा खेळणाऱ्याच्या हातात नसतो. तो गेम ठरवतो. हे काहींना खटकलं, पण प्रकाशाच्या दृष्टीने ते शहाणपणाचं आहे. प्रेक्षक कुठून बघणार हे माहीत असलं की दिवा कुठे लावायचा ते ठरवता येतं आणि न दिसणाऱ्या बाजूवर खर्च करावा लागत नाही. नाटकात असतं तसंच.

आणि कथेचे मधले प्रसंग? ते या टीमने छाया-बाहुल्यांच्या शैलीत दाखवले. मागे उजेड, पुढे कापलेल्या आकृत्या. चेहऱ्याचे स्नायू हलवणारं महागडं ॲनिमेशन परवडणार नव्हतं असं समजा किंवा गोष्टीला तेच शोभत होतं असं समजा, जमलं ते उत्तमच. गेमवर बालीच्या पुराणकथांचाही प्रभाव आहे आणि बालीतल्या छाया-बाहुल्या जगप्रसिद्ध आहेत. पिंगुळी पुण्याहून बालीपेक्षा बरीच जवळ आहे, हे आपलं जाता जाता.

त्या वर्षीच्या द गेम ॲवॉर्ड्समध्ये ‘राजी’ला सर्वोत्तम पदार्पणाचं नामांकन मिळालं. बक्षीस ‘फास्मोफोबिया’ला गेलं. तोही बॅटरीच्या उजेडात भुतं शोधायचाच गेम.

‘राजी’ आल्यावर तीनच आठवड्यांनी, १० सप्टेंबर २०२० ला, युबिसॉफ्टने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’च्या रीमेकची घोषणा केली. काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे होतं. आपल्याकडे आनंद झाला, कारण २००३ चा मूळ गेम खेळत एक पिढी मोठी झाली होती. ट्रेलर आला आणि जगभरातून टीका सुरू झाली. चेहरे निर्जीव आहेत, गेम जुना वाटतो, वगैरे. रंग आणि प्रकाश मुद्दाम वेगळे, परीकथेसारखे ठेवलेत, असं टीमचं म्हणणं होतं. लोकांना ते पटलं नाही. जानेवारी २०२१ ची तारीख पुढे गेली आणि २०२२ मध्ये काम मॉन्ट्रिअलच्या स्टुडिओकडे गेलं.

यावरून मोठी कंपनी हरली आणि छोटी जिंकली असा निष्कर्ष काढायची घाई नको. दोन्ही टीमसमोरची कामं वेगळी होती. ‘राजी’मध्ये चेहरा क्वचितच जवळून दिसतो, रीमेकच्या ट्रेलरमध्ये तो भरपूर दिसत होता. जवळून दिसणाऱ्या चेहऱ्यावर प्रकाश चुकला तर लपवायला जागाच नसते. माणूस जन्मल्यापासून चेहरे बघतोय, त्यामुळे काय चुकलं ते सांगता आलं नाही तरी चुकलंय हे त्याला लगेच कळतं. ‘राजी’ने कॅमेरा लांब ठेवून तो धोका टाळला.

घरबसल्या करून बघा

हे सगळं तपासायला महाग मशीन लागत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन स्क्रीन ब्लॅक अँड व्हाइट करा आणि आवडता गेम पाच मिनिटं खेळा. रंग गेल्यावरही शत्रू कुठे आहे, दार कुठे आहे, पुढे कुठे जायचं हे कळत असेल तर लायटिंग करणाऱ्याने काम चोख केलंय. सगळं एकसारखं राखाडी दिसलं तर तो गेम फक्त रंगांवर तरलाय. चित्रकार डोळे किलकिले करून आपलं चित्र बघतात ते याचसाठी.

मग पुन्हा आरोंद्याच्या खाडीकडे या. गेम बनवायचाय, मशीन साधं आहे, प्रकाशाचा हिशोब जेमतेम परवडेल एवढाच आहे. सहाचं ऊन बेक करून टाकता येईल. पाण्याची चमक झावळ्यांवर खरी मोजायची गरज नाही, हलणाऱ्या नक्षीची एक छोटी पट्टी खालून फिरवली तरी डोळा फसतो. होडीखाली एक मऊ सावली हवीच, नाहीतर होडी पाण्यावर तरंगत नाही, हवेत उभी वाटते. आणि खेळणाऱ्याला धक्क्याकडे वळवायचं असेल तर बाकी काठ निळा ठेवून धक्क्यावर एकच पिवळा दिवा लावायचा.